एसीत लागलेलं ऊन

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी पावणेदोन वाजता, अकोल्याच्या जुन्या शहरात, सासरच्या बैठकीत मला ऊन लागलं. घरात हजर असलेल्या सगळ्यांचं त्यावर एकमत होतं, माझंही. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मला आणखी तीन वेळा ऊन लागलं. त्यातला शेवटचा प्रसंग वातानुकूलित कार्यालयात घडला.

हे टिपण त्या चार प्रसंगांचं आहे. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या आणि जेवल्यावर घाबरणाऱ्या कुणाला त्याचा उपयोग झाला, तर लिहिण्याचं काम झालं.

टोपणभर पाणी

मी अमरावतीच्या एका दैनिकात उपसंपादक आहे. वय सेहेचाळीस. डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली तेव्हा वजन एकशे एकतीस किलो होतं. जठराची एक लहान पिशवी करून ती पुढे आतड्याला जोडतात, त्यामुळे अन्नाची वाट आखूड होते. याहून जास्त तपशील डॉक्टरांकडून ऐकावा.

रुग्णालयात पाच दिवस होतो. पाणी औषधाच्या बाटलीच्या टोपणाने मोजून मिळायचं. मी ते एका दमात संपवायचो. तिसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "दादा, घोट घोट घ्या. इथे कोणी तुमच्या हातचं ओढून नाही नेणार." चौथ्या दिवशी मुगाच्या डाळीचं पाणी मिळालं. हळद आणि मीठ, बाकी काही नाही. त्या चार टोपणांची चव अजून लक्षात आहे. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ माझ्याकडे पाहून म्हणाले, "चेहरा त असा केला भाऊ, जसं श्रीखंड खाऊन राहिले."

निघताना आहारतज्ज्ञ बाईंनी खाण्यापिण्याच्या सूचनांचा दोन पानांचा छापील कागद दिला. खाटेवर बसल्या बसल्या लाल पेनाने मी त्यातल्या अकरा चुका दुरुस्त केल्या, त्याची झेरॉक्स त्यांना दिली आणि मूळ कागद फाइलीत ठेवला. त्यांनी आभार मानले. माझ्या दृष्टीने कागदाचं काम तिथे संपलं होतं.

पाच महिने सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. आधी पातळ, मग मऊ, मग नेहमीचं जेवण, तेही वाटीभर. मेच्या सुरुवातीला वजन सत्त्याण्णव झालं होतं. जुन्या पँट्स शिंप्याकडे गेल्या आणि शिंप्याने त्या हसत परत केल्या. त्यांच्यात कापडच जास्त उरलं होतं.

रसाचं जेवण

उन्हाळ्यात आमच्या भागात पाहुण्याला रसाच्या जेवणाला बोलावतात. त्या रविवारी सासूबाईंनी बोलावलं. त्या पंच्याहत्तरीच्या आहेत. शस्त्रक्रियेला त्यांचा उघड विरोध होता. "पोट कापून कोनी बारीक होते काय?" हा त्यांचा प्रश्न डिसेंबरापासून अनुत्तरित होता.

पानं एक वाजता मांडली. पोळी, मुगवड्यांची भाजी, कुरडया, भजी आणि आमरस. मी एका वाटीवर थांबायच्या बेतात होतो.

"जवाईबापू, आप्रेशन पोटाचं झालं, रसाचं थोडीच झालं? घ्या."

"आई, पुरे."

"पुरे काहून? निरं पानीच हाये ते. पातळ चालते ना तुमाले?"

पातळ चालतं, हे खरं होतं. दुसरी वाटी घेतली. रस चावावा लागत नाही, त्यामुळे वेळही लागला नाही.

वीस मिनिटांनी पोटात मोठ्याने गुडगुडायला लागलं. मग छाती धडधडली, कानशिलं तापली, सदरा पाठीला चिकटला. बसवेना. माझी पत्नी मंजूषा धावत आली. पण निदान आधीच झालेलं होतं.

"ऊन लागलं," सासूबाई म्हणाल्या. "टेसनापासून पायी आले ना? रिक्षा काहून नाई केली? आता माय, पाहा बरं, कसे लाल झाले!"

पुरावा मजबूत होता. स्टेशनापासून खरोखरच पायी आलो होतो आणि पारा चव्वेचाळीसवर होता. उपचार लगेच सुरू झाले. कूलरसमोर आडवं केलं. माझा मेव्हणा प्रफुल्ल काशाच्या वाटीने तळपाय घासू लागला. उशाशी फोडलेला कांदा आला आणि पाठोपाठ गुळाचं, वेलची घातलेलं कैरीचं पन्हं, उंच ग्लास भरून.

पाऊण तासात बरं वाटलं. श्रेय पन्ह्याला मिळालं. आडवं पडल्यानेही बरं वाटलं असेल, हा विचार कुणाच्या मनात आला नाही.

साडेचारला निघताना हात थरथरायला लागले. डोकं रिकामं झालं, घाम फुटला, या वेळी थंड. आणखी एक ग्लास पन्हं. दहा मिनिटांत पुन्हा ठीक.

"उतरलेलं ऊन परत चढते," सासूबाईंनी समजावलं आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, "यंदा धोंड्याचा महिना हाये. तवा येजा दोघं. बरं होऊन येजा."

अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरण भरलेले, लाडवाएवढे तेहतीस धोंडे वाढायचे, ही आमच्याकडची रीत. तीन वर्षांनी एकदा येणारा मान. मी हो म्हटलं.

बडनेरा रस्ता

त्या महिन्यात तापमानाची चौकट रोज माझ्याच हातून जात होती. 'उन्हाचा तडाखा' हा मथळा मी आठवड्यात दोनदा दिला. तेव्हा स्वतःलाही तडाखा बसला याचं नवल वाटलं नाही. मंजूषाने रोज पन्हं करायला सुरुवात केली. कामाला निघताना पिशवीत बाटली असायची आणि जेवण झालं की मी ती रिकामी करायचो. दुसरा प्रसंग त्यातूनच, सुटीच्या दिवशी घरी घडला आणि आम्ही बाटली मोठी घेतली.

तिसरा प्रसंग बडनेऱ्याहून अमरावतीला स्कूटरने येताना. एका ओळखीच्या घरी साखरपुड्याचं जेवण होतं, पानात जिलबी होती. निम्म्या वाटेत डोळ्यांपुढे अंधारी आली. स्कूटर कडेला घेतली, कडुनिंबाखाली बसलो. समोर रसवंती होती. मालकाने न मागता ग्लास आणून हातात दिला.

"घ्या साहेब, थंडा रस. ऊन लागलं तुमाले. पैसे राहू द्या."

माणूस चांगला होता. पंचवीस मिनिटांनी मी त्याच्याच बाकावर आडवा होतो आणि तो मंजूषाला माझ्या फोनवरून पत्ता सांगत होता.

माझे वडील पन्नाशीत हृदयविकाराने गेले. बाकावर पडल्या पडल्या मी दुसरा कसलाही विचार केला नाही. रुग्णालयात कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "जेवण काय झालं होतं?"

"साधंच," मी म्हणालो.

वार्ताहराने बातमीत 'साधंच' लिहिलं असतं तर मी कागद परत केला असता.

घरी आल्यावर मंजूषा स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "मीच मागे लागले होते ना तुमच्या, ऑपरेशन करा म्हणून."

"मागे लागलीस म्हणून केलं नाही. जिना चढवत नव्हता म्हणून केलं."

"पण आई नको म्हणत होती."

त्या रात्रीपासून ती माझ्यासमोर जेवेनाशी झाली. मी जेवून उठलो की ती पान घ्यायची. मी तीन घास खाऊन ताट सरकवू लागलो. भूक असायची, पण ताट पाहिलं की धडधड आधीच सुरू व्हायची. वजन उतरत होतं आणि त्याचा आनंद कुणालाही होत नव्हता. चारचौघांच्या पंगतीत बसून मला पुन्हा कधी जेवता येईल का, या प्रश्नाचं उत्तर आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं, आणि तो आम्ही मोठ्याने विचारतही नव्हतो. धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आता कधीही येणार होतं. नाही म्हणून कळवावं, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

पेढे

बारावीचा निकाल लागला. आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्याची मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली. त्याने टेबलाटेबलावर पेढे फिरवले. नाही म्हणणं बरं दिसेना. दोन घेतले.

आमच्या कार्यालयात एसी इतका असतो की मे महिन्यातही दोघं-तिघं स्वेटर घालून बसतात. वानखडे काका त्यातले एक. मुद्रितशोधक, निवृत्तीला आलेले, कानाला मफलर. माझ्या कपाळावर घाम पाहून ते चष्मा वर करून बघत राहिले.

"काय झालं साहेब?"

"ऊन लागलंय, काका. होतं मला अलीकडे."

"सकाळपासून बाहेर गेले होते?"

"नाही."

"खिडकीतून आलं काय मंग?" आमच्या खोलीला खिडकी नाही. "एसीत ऊन लागते काय साहेब? मले स्वेटर घालून थंडी वाजून राहिली, अन् तुमाले ऊन लागते?"

शेजारी दोघं हसले. मी टेबलावर डोकं ठेवून तो प्रश्न ऐकला आणि त्या अवस्थेतही मला त्यातली गंमत कळली. तीन आठवडे एका ऐकीव माहितीवर मी विश्वास ठेवला होता. सूत्र सासूबाई, दुजोरा रसवंतीवाल्याचा. उलट तपासणी शून्य.

"काय खाल्लं?" काकांनी विचारलं.

"पेढे."

"किती?"

"दोन."

"किती वाजता?"

मी घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं झाली होती.

कागद

त्या संध्याकाळी चारही प्रसंग एका पानावर लिहिले. काय खाल्लं, केव्हा, त्यानंतर किती वेळाने काय झालं, त्यावर काय घेतलं. ऊन हा रकाना चारपैकी दोन वेळा रिकामा राहिला. गोड हा रकाना चारही वेळा भरला. आणि बरं वाटावं म्हणून घेतलेल्या ग्लासांपुढे कुठे अर्ध्या तासात पुन्हा तोच त्रास नोंदवावा लागला, कुठे दोन-अडीच तासांनी दुसरा, थरथरीचा.

मंजूषा मागे उभी राहून वाचत होती. "म्हणजे पन्ह्यामुळे?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता फाइल आणली.

कागदावर सहावा मुद्दा असा होता: गोड किंवा पातळ गोड पदार्थ घेतल्यास अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात मुरडा, गळून जाणे, काहींना दोन-तीन तासांनी साखर उतरून थरथर. त्या ओळीवर माझ्या लाल पेनाच्या दोन खुणा होत्या.

दुसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी पान वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही माझा कागद तपासलात," त्या म्हणाल्या, "वाचला नाहीत." मंजूषाला जे हसू फुटलं ते थांबेना. तीन आठवड्यांनी ती हसत होती. बाईही हसल्या आणि शेवटी मीही.

शस्त्रक्रियेत काही बिघडलं नव्हतं. गोड पदार्थ आखूड वाटेने एकदम आतड्यात उतरत होता, आतडं गडबडून जात होतं. नंतर शरीर त्या साखरेवर जास्तीचा हल्ला करायचं, मग साखर खाली जायची. तेव्हा पन्हं घेतलं की दहा मिनिटांत बरं वाटायचं आणि पुढच्या त्रासाची तयारी व्हायची. शंका नको म्हणून त्यांनी शल्यविशारदांना दाखवायला सांगितलं, त्यांनीही तेच सांगितलं. थरथर आली तर आधी साखर मोजायची आणि खरोखर उतरली असेल तरच बाईंनी सांगितलेल्या मापात काही घ्यायचं, असं ठरलं.

माझ्यापुरते नियम बनले ते सांगतो. जेवणाची सुरुवात डाळ, पनीर किंवा अंड्याने. घास लहान, चावणं भरपूर. पाणी, ताक, काहीही पातळ घ्यायचं ते जेवणानंतर अर्ध्या तासाने. गोड नाही. आणि काय खाल्लं, कधी खाल्लं आणि नंतर कसं वाटलं, याच्या दोन ओळी वहीत. त्रास लक्षात ठेवून सांगता येत नाही, घरचे सांगतात तेच आपण खरं धरतो. मात्र एक गोष्ट वहीत नोंदवत बसू नये. घास छातीत अडकून राहिला, पाणीही पोटात टिकेना, उलटीत किंवा शौचात रक्त दिसलं, पोटात थांबत नाही असं दुखलं, तर घरी निदान न करता सरळ रुग्णालय गाठावं.

धोंडे

मंजूषाने हे सगळं फोनवर अकोल्याला सांगितलं. त्यानंतर सासूबाईंचा फोन आला नाही. एरवी दिवसाला दोन यायचे. आठव्या दिवशी मीच लावला.

"आई, धोंड्याचं जेवण कधी आहे?"

"म्हंजे म्याच पाजलं ना तुमाले?"

"तुम्ही पाजलंत, मी प्यालो. कागद माझ्याकडे होता."

"जिवाले काई झालं असतं म्हंजे?"

"झालं नाही. रविवारी येतो."

"कायले येता? काय वाढू तुमाले, मिरच्या?"

"तुम्हाला काय वाढायचं ते वाढा. मी विचारून खाईन."

रविवारी आम्ही सकाळी लवकर निघालो. या वेळी स्टेशनावरून रिक्षा केली. माझ्यासमोर चौरंगावर तांब्याचं ताट आलं. त्यात बोराएवढे धोंडे होते, तुपाचा हात लावलेले, चकचकीत. प्रफुल्ल मोजायला लागला.

"तेहतीस हायेत," सासूबाई म्हणाल्या. "तेहतीस लागतात, तेहतीस केले. देवानं आकार थोडीच सांगितला?"

"अन् आत काय?" मंजूषाने विचारलं.

"हरबऱ्याच्या डायीचं पुरन. गूळ नाई. जिरं, मीठ, जरासी मिरची. आपल्या देवघरासमोर उभी राहून सांगून टाकलं म्या, बाप्पा, यंदा असंच गोड मानून घ्या."

त्यांनी आधी घट्ट वरणाची वाटी पुढे केली. मग पनीरचे दोन तुकडे. मग एक धोंडा, स्वतःच्या हाताने. त्या शेजारी बसल्या आणि माझ्या जबड्याकडे पाहत राहिल्या.

"चावा. आणखी चावा. घाई कायची हाये?"

धोंडा खमंग होता. मी दुसरा घेतला. तिसऱ्यासाठी हात गेला तेव्हा पोटाने थांबायला सांगितलं आणि मी थांबलो. कुणीही आग्रह केला नाही. या घरात लग्नापासून एकवीस वर्षं जेवतो आहे, हे पहिल्यांदा घडलं. उरलेले धोंडे ताटासह मंजूषाकडे गेले. तिने माझ्यासमोर बसून एकेक करत आठ खाल्ले.

एक वाजून दहा मिनिटांनी मी वहीत वेळ लिहिली. मग सगळे घड्याळाकडे पाहत बसले. प्रफुल्लने धावतं वर्णन सुरू केलं. "दहा मिनिटं. पाहुणे बसून हायेत. घाम नाई."

"गप बस रे," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"पंधरा. पाहुण्याले जांभई आली. चिंतेचं कारन नाई."

वीस मिनिटं झाली. कूलर घरघरत होता. मी स्वतःची नाडी मोजली, मग मंजूषाने मोजली, मग सासूबाईंनी दुसऱ्या हाताची मोजली. पोटात काही वाजलं नाही.

"कसं वाटून राहिलं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो, आणि वहीत तेच लिहिलं. इतक्या वर्षांत 'काही नाही' ही बातमी मी प्रथमच दिली. मंजूषाने वहीत डोकावून पाहिलं आणि पदराने डोळे टिपता टिपता नववा धोंडा तोंडात टाकला.

सासूबाई उठून आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात उंच ग्लास होता, त्यात हिरवट पन्हं. प्रफुल्ल ओरडला, "आई!"

"चूप. गूळ नाई त्याच्यात. कैरी, मीठ, भाजलेलं जिरं. डॉक्टरीन बाईले मंजीच्या फोनवरून इचारून केलं म्या."

कैरीचा वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. मी हात पुढे केला. सासूबाईंनी ग्लास मागे घेतला, पदराखाली धरला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अजून सात मिनटं हायेत," त्या म्हणाल्या. "बसा गुपचूप."